मीटर दाखवतं तेवढी देते का?

दिवाळीला यवतमाळला गेलो की मामेभावाकडे एक चक्कर होतेच. दादाची टुरिस्ट परमिटची पेट्रोल सेदान आहे. कामं ठरलेली: नागपूरच्या दवाखान्यात पेशंट न्यायचे, विमानतळावर कोणाला सोडायचं, लग्नसराईत वणी, पांढरकवडा, पुसद. नागपूर जाऊन-येऊन साधारण ३०० किलोमीटर. चहा संपायच्या आत त्याने डायरी माझ्यापुढे आपटली. "तू कॉम्प्युटरवाला आहेस ना, मंग सांग. गाडी १९.६ चा ॲव्हरेज दाखवून रायली, त्याच हिशेबानं मी भाडं सांगतो. मंग महिन्याच्या शेवटी पैसे कुठं जाऊन रायले?"

त्याचा संशय पेट्रोल पंपावर होता. आपला सगळ्यांचाच असतो! म्हणून आधी तेच तपासलं. पंपावर ५ लीटरचं प्रमाणित माप असतं आणि ते मागायचा ग्राहकाला हक्क आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ५ लीटरमागे २५ मिलीचा फरक कायद्याने चालतो, म्हणजे अर्धा टक्का. आमचं माप बरोबर भरलं. दादा जरा हिरमुसला.

मग मी त्याला गृहपाठ दिला. तोच पंप, तेच नोझल, पहिल्या 'कट'ला थांबायचं, वर अजून दोन रुपयांचं ठोसायचं नाही, आणि दर वेळी ट्रिप मीटर शून्य करायचा. सहा टँकचे वहीतले फोटो त्याने व्हॉट्सॅपवर पाठवले. २,६१० किलोमीटर, १४४.२ लीटर. म्हणजे १८.१. मीटर तेवढ्याच अंतराला १९.६ म्हणत होतं. आठ टक्के फरक, आणि सहाही वेळा त्याच बाजूला. माझ्या दृष्टीने खरी बातमी ही दुसरी. मीटर कधी जास्त, कधी कमी सांगत असतं तर गोष्ट वेगळी. इथे ते ठरवून गोड बोलत होतं.

आता हे होतं कसं? बहुतेकांना वाटतं की टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत एखादं छोटं पाण्याच्या मीटरसारखं यंत्र बसवलेलं असेल. तसं काही नसतं. इंजिनाचा कॉम्प्युटर इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवला ते मोजतो, आणि त्या वेळात किती पेट्रोल गेलं 'असणार' हे कंपनीने भरून दिलेल्या आकड्यावरून काढतो. मोजमाप नाही, अंदाज आहे. चांगला अंदाज, पण अंदाजच. प्रत्यक्षात मानल्यापेक्षा जास्त पेट्रोल जात असेल तर मीटर गोड, कमी जात असेल तर कडू.

अंतराचीही तीच कथा. गाडी चाकांचे फेरे मोजते. टायर झिजून ६ मिलिमीटर रबर गेलं की छोट्या गाडीच्या चाकाचा घेर सुमारे दोन टक्क्यांनी कमी होतो, फेरे वाढतात, किलोमीटर फुगतात. दादाच्या गाडीत १५० किलोमीटरला फोनचं जीपीएस १४७.८ दाखवत होतं. आणि गंमत म्हणजे ही चूक टँक फुल पद्धतीत पकडलीच जात नाही, कारण भागाकारात किलोमीटर त्याच मीटरचे वापरतो आपण! खरा आकडा १७.८ च्या आसपास. हे मी दादाला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती...

"इथेनॉलमुळे होते ते," असं नंतर त्याच्या स्टँडवरच्या मित्रांचं एकमत झालं. नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं आहे की जुन्या पद्धतीच्या, ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज ई-२० वर ६ ते ७ टक्के घटू शकतं. म्हणजे घट खरी असू शकते. पण इथेनॉल असलं की इंजेक्टर जास्त वेळ उघडे राहतात आणि ते मीटरला दिसतं. त्यामुळे खरा ॲव्हरेज आणि दाखवलेला ॲव्हरेज दोन्ही एकत्र खाली यायला हवेत. या दोघांतल्या फरकाचं खापर इथेनॉलवर फोडता येत नाही.

अजून एक. "नागपूरला जाताना जास्त देते, येताना खाते," असं यवतमाळचा प्रत्येक ड्रायव्हर सांगतो, आणि ते खरं आहे. यवतमाळ समुद्रसपाटीपासून ४४५ मीटरवर, नागपूर ३१० वर. भरलेली गाडी १३५ मीटर वर चढवायला, मी हिशेब केला तर, दीड-पावणेदोनशे मिली पेट्रोल जादा लागतं. म्हणून एका बाजूच्या प्रवासाचा आकडा कोणी फेकला तर मान डोलवावी आणि विसरावं. तसंच उतारावर न्यूट्रल टाकणारे: गिअरमध्ये पाय उचलला तर आजच्या गाडीत इंजेक्टर बंदच होतात, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतं. वर ब्रेकवर भार पडतो तो वेगळाच.

हा प्रकार फक्त दादाच्या गाडीचा नाही. अमेरिकेतल्या 'ट्रिपल ए' या वाहनचालकांच्या संघटनेने २०२२ मध्ये प्रयोगशाळेत गाड्या तपासल्या. सरासरी चूक २.३ टक्के, पण एखादी गाडी ६.४ टक्के जास्त सांगते तर दुसरी २.८ टक्के कमी. युरोपात १ जानेवारी २०२१ पासून नव्या गाड्यांत इंधनाची नोंद ठेवणारी यंत्रणा सक्तीची आहे आणि तिची चूक ५ टक्क्यांच्या आत हवी. माझं मागणं त्याहून साधं आहे. मीटर किती चुकू शकतं हे कंपनीने मॅन्युअलमध्ये एका ओळीत लिहावं. दादाच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये सीट कव्हर कसं धुवावं हे आहे, हे नाही. आणि तो दशांश काढून टाका हो! पाच-आठ टक्के चुकणाऱ्या यंत्राने १९.६ मधलं '.६' दाखवणं म्हणजे शुद्ध आगाऊपणा. आमच्या टीममध्ये कोणी असा स्क्रीन बनवला तर रिव्ह्यूमध्ये परत पाठवू.

आपल्यासारख्यांना हा फरक म्हणजे ऑफिसच्या कॅन्टीनमधली गप्पा. "किती देते?" "वीस!" संपलं. दादासाठी हिशेब असा: ३०० किलोमीटरला सव्वा लीटर जास्त, लीटरला १०५ धरले तर एका फेरीत सुमारे १३० रुपये, महिन्याला १४ फेऱ्या, म्हणजे अठराशेच्या वर. वर्षाचे बावीस हजार.

आता त्याने मीटरच्या काचेवर चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने 'उणे ८' लिहिलंय. गेल्या रविवारी फोन आला होता. म्हणाला, नागपूरचं भाडं दीडशेनं वाढवलं. मी विचारलं, लोक कुरकुरले नाहीत का? "विमानतळवाले नाही कुरकुरले. दवाखान्यात नेतो त्यांना जुनाच भाव ठेवला ना बावा, त्यांना काय सांगू मीटरची गोष्ट."