घन बॅटरी म्हणजे बिनधास्त?

जुन्या जालन्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि ई-स्कूटर उन्हातच उभी. तिच्या लिथियम बॅटरीतला द्रव इलेक्ट्रोलाइट ज्वलनशील असतो. मार्च 2022 मध्ये पुण्यात रस्त्याकडेची स्कूटर पेटली, तो व्हिडिओ आठवतोय ना? म्हणून आता द्रवाऐवजी पॉलिमरचा घन थर वापरायची धडपड सुरू आहे. तो गळत नाही, सहजी पेटत नाही. पण नेहमीचा पीईओ पॉलिमर 60 अंशांपर्यंत तापल्याशिवाय आयन नीट वाहू देत नाही. म्हणजे आपलं ऊनही त्याला कमीच! शिवाय घन पॉलिमरवाल्या बॅटरीत बहुधा लिथियम धातूच असतो. अशाच बॅटरीच्या दोन बस एप्रिल 2022 मध्ये पॅरिसमध्ये जळाल्या आणि 149 बस थांबवाव्या लागल्या. तेव्हा शोरूममध्ये ‘सॉलिड’च्या जाहिरातीला भुलू नका, एआयएस-156 चाचणीचं विचारा.