ग्लोक्टाचे दोन आवाज

जो अबरक्रॉम्बी या ब्रिटिश लेखकाची ‘द फर्स्ट लॉ’ ही कादंबरीत्रयी २००६ ते २००८ या काळात प्रसिद्ध झाली. जादूगार, राजा, दूरचा प्रवास हा फँटसीचा नेहमीचा सरंजाम तिच्यात आहे. धुतल्या तांदळासारखा माणूस मात्र शोधूनही सापडत नाही. ऑडिओबुकसाठी ती स्टीव्हन पेसी या नटाने वाचली आहे.

ती वाचण्यापेक्षा ऐकावी, असे का वाटते, हे ग्लोक्टा या पात्रावरून कळते. एके काळचा रुबाबदार तलवारबाज, शत्रूच्या कैदेत पांगळा झालेला आणि आता स्वतःच इतरांचा छळ करणारा अधिकारी. बरेच दात उपटलेले. जिना चढणे ही रोजची लढाई. त्याच्या मनातले विचार छापील पुस्तकात तिरप्या अक्षरांत येतात. कानाला तिरपी अक्षरे कशी कळणार? पेसी त्याचे बोलणे बोबडे करतो आणि विचार स्वच्छ उच्चारतो. मोडका देह आणि शाबूत, विखारी बुद्धी एकाच दमात वेगवेगळी ऐकू येतात. छापील पानाला हे जमत नाही.

लोगन नाइनफिंगर्स या लढवय्याला उत्तर इंग्लंडचा हेल मिळाला आहे, तोही चपखल.

ऐकण्यात अडचणीही आहेत. प्रत्येक भाग वीस तासांहून मोठा आहे. नावे भराभर येतात आणि मागचे पान उलटून पाहण्याची सोय नसते. छळाची वर्णने वाचक नजर पुढे सरकवून टाळू शकतो. श्रोत्याला ती निवेदकाच्या गतीनेच सोसावी लागतात.