घरच्या घरी : आवाज टिपा, घरघर नको!

मैत्रिणींनो, गेल्या दिवाळीत सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं मनात आलं. त्याही हौसेनं बसल्या, चांगल्या तासभर गायल्या. रात्री ऐकायला घेतल्या, तो काय! ओवी मागे आणि पंख्याची घरघर पुढे. आता वयाच्या 84व्या वर्षी त्यांना सलग दहा मिनिटंही म्हणवत नाही. माझ्यासारखी हळहळ तुमच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे चार शब्द.

आधी खोली निवडा. उघड्या भिंती नि फरशी आवाज परत फेकतात, मग तो घुमतो. गाद्या, गोधड्या, पडदे असलेली लहान खोली उत्तम. पंखा बंद, खिडक्या बंद, फ्रिजपासून दूर.

कॉम्प्युटरमधल्या माइकवर विसंबू नका. त्याला यंत्राच्या पोटातल्या पंख्याचीच गुणगुण आधी ऐकू जाते. यूएसबीचा साधा, वेगळा माइक घ्या. तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला ठेवा, म्हणजे 'प', 'फ', 'भ'चे फुत्कार त्यावर आदळत नाहीत. खाली टॉवेलची घडी घाला. अंतर दुप्पट केलं की गळ्याचा आवाज सुमारे 6 डेसिबलनं उतरतो, खोलीतली घरघर मात्र तेवढीच राहते. म्हणून माइक जवळ असणं हेच खरं औषध.

पडद्यावरची आवाजाची पट्टी शून्याला टेकू देऊ नका. मोठ्यात मोठा सूर उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या मध्ये हवा. फाटलेला आवाज म्हणजे काही खारट आमटी नव्हे, पाणी घालून सुधारायला!

सुरुवातीला पाच सेकंद सगळ्यांनी गप्प बसा. 'ऑडॅसिटी' हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. त्यातल्या 'नॉइज रिडक्शन'ला या शांत तुकड्यातून घरघरीचा नमुना द्यायचा आणि मग तो सगळ्या ध्वनिमुद्रणाला लावायचा. पण बेतानं हं! जास्त केलंत तर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. मूळ प्रत 'वेव्ह' स्वरूपात तशीच जपून ठेवा.

आणि मी जिथं चुकले ती गोष्ट : आधी एकच मिनिट उतरवा, हेडफोन लावून ऐका, मगच पुढे जा.

आता सासूबाईंच्या रोज सकाळी दोनच ओव्या घेते, भिंतीला गोधडी टांगून. तुमच्याही घरी असा एखादा गळा असेल. आजच बसा, बरं का!