धावायला शिकवता, बघायला कधी शिकवणार?

पहाटे हर्सूलहून सावंगीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोरांची रांग लागलेली असते. कुणी अग्निवीरची तयारी करतंय, कुणी पोलिस भरतीची. स्टॉपवॉच घेतलेला मास्तर सोळाशे मीटरची वेळ ओरडून सांगतो. मग बीम, नऊ फुटांचा खड्डा, गोळाफेक. पोरं जीव तोडून मेहनत करतात. मी तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो, यातल्या काहींना मीही शिकवतो, आणि एक काळजी मला सोडत नाही. पहिली गोळी डोक्यावरून गेल्यावर ही पोरं काय बघतील, काय ठरवतील, याची तयारी कुणीच करून घेत नाही.

1999 च्या उन्हाळ्यात आमची तोफ द्रासजवळ लागली होती. शत्रूचे गोळे जवळ पडू लागले की आधी कान जातात. शेजारचा ओरडतोय हे त्याच्या तोंडाच्या हालचालीवरून कळतं. नजर आक्रसते, समोरचं तेवढं दिसतं आणि बाजूचं पुसलं जातं. बोटं जड होतात. अशा वेळी डोकं नवं काही शोधत बसत नाही. आधी पाहिलेलं, आधी केलेलं, तेवढंच हाताला येतं. म्हणून तोफेवर प्रत्येक नंबरचं, म्हणजे प्रत्येक जवानाचं, काम ठरलेलं असतं आणि ते अंगात मुरेपर्यंत घोटून घेतात. भीती प्रत्येकाला वाटते. तिच्यासकट काम करता येणं हे शिकवून येतं, असं मी अनुभवाने सांगतो.

याचा जुना दाखला जवळच आहे. हर्सूलच्या याच रस्त्याने फुलंब्री, सिल्लोड करत भोकरदनच्या पुढे गेलं की असई लागतं. 1981 मध्ये जालना वेगळा जिल्हा होईपर्यंत तो मुलूख आपल्याच औरंगाबाद जिल्ह्यात होता. तिथे 23 सप्टेंबर 1803 ला शिंदे-भोसल्यांची फौज आणि इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली यांची गाठ पडली. वेलस्लीला दुसऱ्या दिवशी त्याचा सहकारी स्टीव्हन्सन याची तुकडी मिळाल्यावर हल्ला करायचा होता. पण मराठी फौज अचानक अगदी जवळ निघाली. त्याच्याकडे हलक्या तोफा थोड्या, इकडे शंभरच्या आसपास तोफा आणि कितीतरी पट माणूस. मध्ये केळणा नदी. वाटाडे म्हणाले, इथे उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिलं, तर नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं. समोरासमोरच्या गावांची ये-जा नाही असं होणार कसं? त्याने उताराची खात्री करून घेतली आणि फौज पलीकडे नेली.

तो आपला शत्रू होता. पण हा क्षण मी पोरांना पुन्हा पुन्हा सांगतो, कारण ही अक्कल आपल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या पोराकडे असते. पाणी कुठे उथळ, बैलगाडी कुठून जाते, हे त्याला लहानपणापासून दिसत असतं. तोफा धडाडत असताना ते आठवेल का, एवढाच प्रश्न.

त्याच दिवशी त्याच्याच सैन्यात उलटंही घडलं. उजव्या बाजूच्या ऑरॉक नावाच्या अधिकाऱ्याला असई गावापासून दूर राहण्याचा हुकूम होता. तो थेट गावातल्या तोफांच्या तोंडी चालत गेला, मागची 74 वी पलटण त्याच्यामागे गेली आणि कापली गेली. आक्रसलेली नजर म्हणतात ती हीच, असं मला वाटतं. इंग्रजांची दीड हजारांवर माणसं त्या दिवशी मेली किंवा जखमी झाली. ती लढाई आपण हरलो, पण शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी मेल्यासारखे पडून राहिले, शत्रूची फळी अंगावरून पुढे जाऊ दिली, आणि उठून तोफा फिरवून तिच्या पाठीवर डागल्या. एक तोफची म्हणून त्यांच्यापुढे माझी मान झुकते. एवढा थंड हिशोब त्या धुरात करणारी माणसं आपली होती. आपल्याकडे मात्र असई म्हटलं की फितुरी आणि नशीब यापुढे बोलणं जात नाही. या गोलंदाजांचा धडा शाळेत का नाही?

आपल्या काळातही हेच दिसलं. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला तेव्हा गिरगाव चौपाटीवर पोलिस तुकाराम ओंबळे यांच्या हातात लाठी होती. त्यांनी दहशतवादी कसाबच्या रायफलची नळी धरली आणि पोटात गोळ्या घेऊनही सोडली नाही. त्यामुळे तो जिवंत सापडला. ओंबळे आधी लष्करात होते. रायफल काय करू शकते आणि तिला कुठे अडवायचं, हे ज्या माणसाने आयुष्यभर हाताळलं त्याला त्या क्षणी सुचलं, असं मी मानतो. नुसतं शौर्य म्हणून आपण हात जोडतो तेव्हा त्यामागची घडण विसरतो.

म्हणून पोरांना हर्सूल तलावाच्या बाजूने पळवून आणल्यावर, छाती धपापत असतानाच मी विचारतो: वाटेत उभी गाडी कोणत्या तोंडाने होती? आडोसा कुठे? मी आत्ता पडलो तर पुढचा हुकूम कोणाचा? उत्तर सगळ्यात लहान पोराने द्यायचं. पहिल्यांदा त्यांना काही आठवत नाही. हळूहळू धावतानाही मान फिरू लागते. याला एक रुपया जास्त लागत नाही. पोलिस प्रशिक्षणातही दमलेल्या माणसाला निर्णय घ्यायला लावण्याचे तास वाढवले पाहिजेत, आणि चुकीच्या निर्णयावर शिक्षेऐवजी चर्चा झाली पाहिजे. शिक्षेच्या धाकाने पोरगा हुकमाची वाट बघत बसतो.

पोराला अकादमीत घालताना फी भरण्याआधी आईबापांनी मास्तरला एवढंच विचारावं: पळून दमल्यावर तुम्ही माझ्या पोराला काय विचारता?