कूलोमचा नियम जानेवारीत शिकवा

परळच्या एका महाविद्यालयात मी अकरावीला भौतिकशास्त्र शिकवतो. कूलोमचा नियम मुलांना तोंडपाठ असतो: दोन प्रभारांमधलं बल प्रभारांच्या गुणाकाराच्या समप्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. त्यावरची गणितं ती दादरच्या क्लासमध्ये झटपट सोडवतात. पण हे बल स्वतः मोजलेलं मूल वर्गात क्वचितच सापडतं.

याच भागातल्या गिरण्यांनी मात्र हे बल रोज झेललं. माझे वडील त्रासन खात्यात, म्हणजे सूतकताईच्या विभागात होते. यंत्रातून घासत जाताना तंतूंवर प्रभार येतो. सगळ्यांवर एकाच जातीचा, म्हणून ते एकमेकांना ढकलतात, विस्कटतात. तंतू इतके खेटून असतात की थोडा प्रभारही पुरतो. ते रुळाला गुंडाळले की वडिलांना साफ करत बसावं लागे. म्हणून खात्यातली हवा मुद्दाम दमट ठेवत. ओलसर कापसावरून प्रभार निसटून जातो. पॉलिस्टर पाणी फारसं धरत नाही, त्यामुळे टेरिकॉटच्या सुताला हा त्रास जास्त.

गिरणीच्या कामी येणारा हा दमटपणा प्रयोगशाळेत मात्र आडवा येतो. जून ते सप्टेंबर मुंबईत घासलेल्या कांडीवर प्रभार टिकत नाही. प्रयोग फसतो, मग शिक्षक फळ्यावर सूत्र लिहून पुढे जातात. जिथे प्रयोग होतो, तिथेही गेल्या वर्षीच्या जर्नलमधली रीडिंग उतरवली जातात, कारण ‘बरोबर’ आकड्यांनाच गुण मिळतात.

खुद्द कूलोमचे आकडे पाहा. 1785 मध्ये त्याने बारीक तारेला टांगलेल्या आडव्या काडीच्या टोकाशी एक प्रभारित गोळी बसवली, शेजारी दुसरी ठेवली आणि तारेच्या पिळावरून बल मोजलं. गोळ्या 36 अंश दूर असताना पीळ 36 अंश. 18 अंशांवर 144. अंतर निम्मं, बल चौपट. तिसऱ्या वेळी पीळ साडेपाचशेच्या पुढे, 575.5 अंश. नियमाप्रमाणे अंतर 9 अंशांच्या आसपास यायला हवं होतं, आलं 8.5. दरम्यान थोडा प्रभार हवेत गळतो, हे त्याने नोंदवलं आणि आलेला आकडा तसाच छापला. तीन नोंदी आणि एक प्रामाणिक फरक, एवढ्यावर हा नियम उभा राहिला.

आपल्या मुलांनाही हे जमेल. लॅमिंग्टन रोडवरून शतांश ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा आणा. त्यावर उंच प्लास्टिकचा पेला, पेल्यावर लोकरीने घासलेला फुगा चिकटवा आणि काटा शून्यावर आणा. तसाच दुसरा फुगा वरून पट्टीच्या आधाराने जवळ आणा. काट्यावरचा आकडा चढत जातो. केंद्रांमधलं अंतर 30 सेंटिमीटरवरून 15 वर आलं की तो चौपटीच्या आसपास जाईल. नेमका चौपट येणार नाही. का नाही, हे मुलांनी आपल्या शब्दांत लिहावं.

माझी मागणी साधी आहे. मुंबईतल्या महाविद्यालयांनी स्थिर विद्युतेचे प्रयोग डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दिवसांत घ्यावेत आणि प्रत्येक गटाने स्वतः मोजावं. गुण देताना आकडा पुस्तकाशी किती जुळतो हे पाहू नये. फरकाचं कारण किती नीट शोधलं, ते पाहावं. त्यासाठी वेळापत्रकातला एक धडा मागेपुढे करावा लागेल, एवढंच.