अक्षराच्या डोक्यावरचं अक्षर

"यात इंजिनिअरिंग कुठंय?" फायनल इयरच्या पहिल्याच रिव्ह्यूला मला हा प्रश्न पडला. छोटं ब्राउझर इंजिन लिहितोय आणि त्यात रुबी बसवणार, एवढं मी सांगितलं होतं. सरांना आधी वाटलं, रुबी म्हणजे ती प्रोग्रॅमिंगची भाषा. ती नव्हे म्हटल्यावर म्हणाले, "मोठ्या अक्षरावर बारीक अक्षर ठेवायचं, एवढंच ना?"

एवढंच! जपानीत कांजीचा उच्चार वाचकाला येतच असेल असं नाही, म्हणून तो काना लिपीत बारीक टायपात वर छापतात. आता गंमत बघा. 'कोकोरोझाशी' म्हणजे मनाचा निर्धार. कांजी एकच, उच्चाराचे काना पाच. काना निम्म्या मापाचा धरला तरी वर अडीच अक्षरांची रुंदी आणि खाली एकच अक्षर. उरलेलं दीड अक्षर कुठं घालायचं? खाली जागा सोडली तर ओळीचे दात पडल्यासारखे दिसतात. शेजाऱ्याच्या डोक्यावर थोडं सरकवावं, तर तो काना आहे की कांजी ते बघा. कांजी असेल तर उच्चार त्याचाच वाटायचा. म्हणजे रुंदीसाठी शेजारी कळायला हवा. ओळ कुठं तुटते ते ठरल्याशिवाय शेजारी ठरत नाही. आणि ओळ तोडायला रुंदी लागते! बसा फिरत.

शिवाय 'तोक्यो'च्या दोन कांजींचे उच्चार वेगवेगळे, तिथं ओळ तोडता येते. 'आज' या अर्थाच्या 'क्यो'त दोन कांजींना मिळून एकच उच्चार, तिथं तोडाल तर फसाल.

इंटरनेट एक्सप्लोररनं १९९९ सालीच रुबी दाखवली, २००१ मध्ये डब्ल्यू३सीचं प्रमाण आलं. फायरफॉक्समध्ये ती आली २०१५ साली. एकाच रुबीखालचा लांब मजकूर मधे तोडून पुढच्या ओळीवर न्यायला क्रोमला २०२४ उजाडलं. तिथं काय सगळे झोपले होते? आणि आपल्याकडे सीनियरच्या पेनड्राइव्हमधली लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम नाव बदलून दरवर्षी पास होते. तिच्यात इंजिनिअरिंग दिसतं बरं का!

"पण जपानीशी आपला काय संबंध?" हेही ऐकलं. माझ्या रूममेटच्या घरी मोडीतले जुने कागद आहेत. मोडी युनिकोडमध्ये २०१४ सालीच आली. खाली मोडी, वर देवनागरी, असं पान मी करून पाहिलं. ब्राउझर वरचं अक्षर आपणहून निम्मं करतो. १६ पिक्सेलचं झालं ८. काना तेवढ्यात वाचता येतो, आपला 'ष्ट्र' म्हणजे नुसता शाईचा डाग. मोडीत शब्द सुटे लिहायची रीत नाही, त्यामुळे कुठला उच्चार कुठल्या अक्षरांवर बसवायचा हे ठरवायला रूममेटच्या आजोबांना फोन करावा लागतो.

वरचं माप सत्तर टक्के केलंय. पहिली ओळ झकास दिसते, दुसरीच्या वेलांट्या पहिलीच्या उकारांवर आपटतात. दुसरा रिव्ह्यू सोमवारी आहे.