विश्लेषण : होरपळलेल्या मृतदेहांची ओळख डीएनएमुळे कशी पटते?

अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान १२ जून २०२५ रोजी कोसळले. विमानातील २४१ आणि जमिनीवरील १९, अशा २६० जणांचा मृत्यू झाला. अनेक मृतदेह ओळखण्यापलीकडे जळाले होते. रक्ताचे नमुने देऊन नातेवाईक कित्येक दिवस ताटकळत राहिले. गुजरातचे माजी मुख्यमंत्री विजय रूपानी यांची ओळखही तीन दिवसांनी, डीएनए जुळल्यावर पटली.

डीएनएची रचना कशी असते?

डीएनए म्हणजे पीळ दिलेली शिडी. साखर आणि फॉस्फेट आलटून-पालटून जोडले जाऊन तिचे दोन दांडे बनतात. पायऱ्यांमध्ये अॅडेनीनसमोर थायमिन आणि ग्वानीनसमोर सायटोसीन असते. दांड्यांतील बंध मजबूत, तर पायरी मधोमध सांधणारे हायड्रोजन बंध कमकुवत असतात. नमुना सुमारे ९५ अंश सेल्सियसपर्यंत तापवला की शिडी मधोमध उकलते, दांडे मात्र टिकतात. जोड्या ठरलेल्या असल्याने प्रत्येक अर्ध्या शिडीवरून दुसरा अर्धा भाग पुन्हा रचता येतो. हे चक्र तीसेक वेळा फिरवले की अत्यल्प डीएनएच्याही कोट्यवधी प्रती मिळतात.

मग वेळ का लागतो?

आगीच्या प्रचंड उष्णतेत दांडेही तुटतात. हाडे आणि दातांच्या आत डीएनए तुलनेने सुरक्षित राहतो. पण तो तेथून काढणे किचकट असते. त्यानंतर ठरावीक जागी एकच छोटा क्रम किती वेळा येतो, हे मोजतात. प्रत्येक जागेचा एक आकडा आईकडून, दुसरा वडिलांकडून आलेला असतो. म्हणून आई-वडील किंवा मुलांचा नमुना सर्वाधिक उपयोगी ठरतो.

पेच कुठे आहे?

डीएनए नाव सांगत नाही, दुसऱ्या नमुन्याशी असलेले नाते सांगतो. विमान अपघातात प्रवाशांची यादी असते, त्यावरून नातेवाईक शोधता येतात. रेल्वेरुळांलगत सापडलेल्या बेवारस मृतदेहाचा नमुना घेतला, तरी तो जुळवायचा कोणाशी? अनोळखी मृतदेह आणि बेपत्ता व्यक्तींच्या नोंदी ठेवणारी राष्ट्रीय डीएनए पेढी उभारण्याची तरतूद २०१९ च्या डीएनए तंत्रज्ञान विधेयकात होती. त्यावर खासगीपणाच्या मुद्द्यावरून आक्षेप होते. जुलै २०२३ मध्ये सरकारने ते विधेयक मागे घेतले. बेपत्ता माणसाच्या घरच्यांसाठी मात्र तो प्रश्न आहे तिथेच राहिला.